गोराईच्या वाडीत डुकरं ठेवायची तर आधी त्यांचा दिवस पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अंधेरीला राहता, गोराईला मामांची वाडी आहे आणि तिथे सात-आठ डुकरं ठेवायचं तुमच्या दोघांच्या मनात आहे. एक-दोन ठिकाणी जाऊन पाहिलंत, तर डुकरं नुसती पडून होती, नाहीतर गज चावत उभी होती. काहींच्या शेपट्या कुरतडलेल्या, आणि बहुतेक सगळी स्वतःच्याच घाणीत माखलेली. म्हणून तुम्ही विचारता की डुक्कर दिवसभर करतं तरी काय, ते मुळातच घाणेरडं असतं का, आणि व्यालेली डुकरीण स्वतःच्या पिल्लांवर का बसते.

मी परळच्या कॉलेजात पशुवैद्यक शिकलो आणि पुढे बराच काळ वसई, उत्तन, गोराई या पट्ट्यात डुकरं पाळणाऱ्यांच्या वाड्यांवर गेलो. खाद्याचं प्रमाण, लशींचं वेळापत्रक, कर्जाच्या योजना हे तुम्हाला पशुसंवर्धन खात्यात विचारलं की कळेल. ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते हे की डुकराचं दोन वेळचं जेवण मिळून अर्ध्या-पाऊण तासात उरकतं, आणि उरलेल्या जाग्या वेळात त्याने काय करायचं याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. तुम्ही जे पाहिलंत त्यातलं बरंचसं तिथून येतं. राहिलेलं आपल्या उकाड्यातून येतं.

डुकराचं सगळं आयुष्य नाकावर चालतं. त्या नाकाच्या शेंड्यात एक वेगळं हाड असतं, त्यामुळे ते कडक जमीनही नांगरू शकतं, आणि त्याच नाकाने मातीखालचा कंदही हुंगू शकतं. १९८०च्या आगेमागे स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ संशोधकांनी पाळीव डुकरं मोकळ्या रानात सोडून त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात वाढलेली जनावरं ती, पण रानात गेल्यावर उजेडाचा जवळजवळ अर्धा वेळ चरण्यात आणि उकरण्यात घालवू लागली. रात्रीसाठी गवत-काटक्या गोळा करून सगळ्यांनी मिळून झोपायची जागा केली, आणि विष्ठा टाकायला त्या जागेपासून लांब जाऊ लागली. ही सवय गोठ्यातल्या डुकरातही तशीच शाबूत असते, फक्त तिला वाव नसतो. बंद गोठ्यातलं डुक्कर दिवसाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त वेळ आडवं असतं. तुम्हाला ते आळशी दिसलं, पण त्याच्यापुढे दुसरं काही नव्हतं.

नीट ठेवलेल्या वाडीवर दिवस साधारण असा जातो. फटफटायच्या सुमाराला एकेक जण उठतं, आळस देतं, ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन मोकळं होतं, पाणी पितं. मग कान दाराकडे लागतात. तुमच्या मामांच्या चपलांचा आवाज ती आठवड्याभरात ओळखतील, आणि बादलीचा त्याहून लवकर. खाणं पडलं की गव्हाणीपाशी सकाळच्या विरार लोकलच्या दारासारखी गर्दी होते. दांडगी आधी घुसतात, दुबळी मागे राहतात, म्हणून सगळ्यांना एकाच वेळी खांदा लावून उभं राहता येईल एवढी गव्हाण लांब हवी. खाऊन झालं की पुन्हा पाणी आणि मग थोडी हुंगाहुंगी. ऊन चढलं की सगळी आडवी होतात, ती थेट चार-साडेचारपर्यंत. संध्याकाळी दुसरी जाग येते, ती सकाळपेक्षा मोठी. भांडणं, खेळ, उकरणं, गज चावणं सगळं तेव्हा. अंधार पडला की एकमेकांना चिकटून झोपतात. मे महिन्यात हे घड्याळ सरकतं. दुपारचं खाणं जवळजवळ बंद होतं आणि डुकरं रात्री उशिरा किंवा पहाटे खातात. तेव्हा दुपारी बादली ओतून खाल्लं नाही म्हणून आजारी समजू नका. पहाटे पाचला ओता आणि संध्याकाळचं रात्री आठनंतर द्या.

घाणीबद्दल आता. डुक्कर जागा निवडून घाण करतं, बहुतेक जनावरांपेक्षा जास्त काटेकोरपणे. जिथे झोपतं आणि खातं ती जागा ते टाळतं, आणि ओली, गार, वारा येणारी, शक्यतो पाण्याजवळची जागा धरतं. म्हणून नवी डुकरं आणाल त्या दिवशी गोठ्याचा झोपायचा भाग कोरडा ठेवा, पेंढा घाला, आणि लांबच्या कोपऱ्यात पाणी शिंपडून त्यांचीच थोडी विष्ठा टाका. दोन-तीन दिवसांत कोपरा ठरतो. एकदा ठरला की सगळा कळप तिथेच जातो, साफसफाई अर्ध्यावर येते.

मग तुम्ही पाहिलेली माखलेली का होती? कारण डुकराला अंग गार करण्याइतका घाम येत नाही. मोठ्या डुकराला अठरा-वीस अंशांच्या आसपास बरं वाटतं, पंचवीसच्या पुढे ते कासावीस व्हायला लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा पंचवीसच्या खाली क्वचित उतरतो. लोळायला चिखल नसेल तर ते गोठ्यातली एकमेव ओली जागा शोधतं, आणि ती असते त्याचाच विष्ठेचा कोपरा. झोपायची आणि घाणीची जागा उलटते ती अशी. नुसत्या पाण्यापेक्षा चिखल सोयीचा, कारण तो हळूहळू वाळतो आणि तेवढा वेळ अंग गार राहतं. पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या कातडीचं तो उन्हापासूनही रक्षण करतो, तिची पाठ आपल्या उन्हात लालबुंद होऊन सोलवटते. काळ्या गावठी डुकराला तो त्रास कमी.

गोराईत करायचं काय, तर पत्र्याचं छप्पर ठेंगणं ठेवू नका आणि त्यावर झावळ्यांचा जाड थर द्या. वाडीत माड आहेतच. बाहेरच्या अंगाला उथळ खड्डा करून त्यात पाणी सोडा, ते दर दोन-चार दिवसांनी बदला. पावसाळ्याचा प्रश्न वेगळा असतो. जुलैत हवाच इतकी ओली असते की अंगावरचं पाणी उडत नाही, त्यामुळे शिंपडून काही होत नाही, उलट झोपायची जागा ओली होऊन पिल्लं खोकायला लागतात. तेव्हा वारा खेळता हवा आणि झोपायचा भाग वीतभर उंच, कोरडा हवा. समुद्राकडून पाऊस आडवा येतो म्हणून लोक चारही बाजूंनी ताडपत्री बांधून टाकतात. आत अमोनियाने डोळे चुरचुरतात, डुकरांचेही आणि तुमचेही. पश्चिमेची बाजू झाका, बाकीच्या वरून उघड्या ठेवा. आणि गमबूट घालूनच आत जा. डुकराच्या मूत्रातूनही लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, पसरतो, हे पावसात घोट्याभर पाण्यातून चालणाऱ्या मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

रस्त्यावरच्या, उकिरड्यावरच्या डुकरांवरून सगळ्या जातीची परीक्षा करू नये. तिथे अन्नच घाणीत आहे, म्हणून ती घाणीत आहेत. माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी होतात, हा धोका खरा आहे, पण बंदिस्त वाडीत संडास आणि डुकरं वेगळी ठेवली की तो संपतो.

शेपट्यांकडे येतो. हा रिकाम्या वेळाचा सगळ्यात महाग परिणाम. सुरुवात निरुपद्रवी असते. दुपारी एक पडलेलं असतं, दुसरं येऊन त्याची शेपटी तोंडात घेऊन चघळतं, तिसरं बघतं. मग एक दिवस कातडी फुटते, रक्ताची चव लागते आणि सगळी त्या एकाच्या मागे लागतात. जखमेतून पू कण्यापर्यंत चढला तर मागचे पाय जातात. गर्दी, अपुरं पाणी, गव्हाणीची कमतरता, कोंदट हवा, खाद्यात मिठाची उणीव, यातलं काहीही ठिणगी टाकू शकतं, पण पेट घेण्यासारखं जे असतं ते म्हणजे उकरायची अडवलेली ओढ. याची आगाऊ सूचना मिळते. ठणठणीत डुकराची शेपटी वळलेली, वर असते. चावाचावी रक्तावर येण्याच्या काही दिवस आधीपासून गोठ्यातल्या बऱ्याच शेपट्या खाली लोंबायला किंवा पायांत दाबलेल्या दिसायला लागतात. रोज संध्याकाळी बादली ओतताना मागच्या बाजूने एक नजर टाका, तेवढं पुरतं.

लहानपणी शेपट्या छाटून टाकणं हा उपाय मला पटत नाही. त्याने चावणं दिसत नाही एवढंच, मग ती कानांवर जातात. काम द्या. आपल्याकडे त्यासाठी पैसे लागत नाहीत: झावळ्या, भाताचा पेंढा, केळीच्या खांबाचे तुकडे, फणसाची सालं, बाजार उठल्यावर उरलेला फ्लॉवरचा पाला. वस्तू चावता यावी, फाटावी, थोडी खाताही यावी आणि बदलती असावी. लोखंडी साखळी टांगून ठेवतात, दोन दिवसांनी तिच्याकडे कोणी बघत नाही. केळीचा खांब मात्र संध्याकाळी टाकला तर रात्रीपर्यंत पुरतो, त्याचे धागे ओढण्यात सगळी गुंग होतात. एखादा कोपरा मातीचाच ठेवा, सगळीकडे कोबा करू नका. तिथे मूठभर मका विखरून पुरलात तर ती ते दाणे शोधत राहतील, संपल्यावरही.

व्यायला आलेली डुकरीण. या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण पहिल्यांदा पाळणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. डुकरीण दर एकवीस दिवसांनी माजावर येते. माजावरची डुकरीण पाठीवर दाब दिला की कान उभारून खांबासारखी थांबते, तीच भरवायची वेळ. गाभण राहिल्यावर ११४ दिवसांनी व्याते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं लक्षात ठेवतात. व्यायच्या आदल्या दिवशी तिचं वागणं बदलतं. येरझाऱ्या घालते, खाली बसते, लगेच उठते, पुढच्या पायांनी जमीन खरवडते. वाडीत मोकळी असेल तर आडोशाची जागा पाहून उकरून खळगा करते आणि मग तोंडात भरून भरून पेंढा आणायला लागते. झावळीची एक बाजू दातात धरून मान झटकत ती फाडते, पातं खळग्यात ठेवते, नाकाने दाबते, पुन्हा जाते. दोरीवर वाळत टाकलेलं गोणपाट सापडलं तर तेही जातं. तासन्‌तास हे चालतं आणि पहिलं पिल्लू येण्याआधी थोडा वेळ थांबतं, मग ती शांत पडते.

हीच डुकरीण गुळगुळीत कोब्यावर, पेंढ्याशिवाय ठेवली तरी तिची ओढ जात नाही. ती कोबा खरवडते, नाक सोलवटून घेते, गज चावते, आणि थकून, बिथरून व्याते. पिल्लं चिरडण्याचं एक कारण हे. घरटं करून शांत झालेली डुकरीण बसताना आधी नाकाने जागा चाचपते, हुंकारते, पिल्लं बाजूला झाली की पुढचे गुडघे टेकते आणि मग मागचं अंग हळूहळू सोडते. बिथरलेली किंवा पाय घसरणारी डुकरीण धपकन पडते. दीडेकशे किलोच्या अंगाखाली किलो-सव्वाकिलोचं पिल्लू, आवाजही नीट येत नाही.

दुसरं कारण थंडी. आपल्याकडे कसली थंडी म्हणाल, पण नवजात पिल्लाच्या अंगात चरबी जवळपास नसते आणि त्याला पहिले दिवस बत्तीस-चौतीस अंशांची ऊब लागते. डुकरिणीला जे तापमान बरं वाटतं त्यात पिल्लू कुडकुडतं, म्हणून ते आईच्या कुशीत शिरतं आणि तिथेच चिरडतं. पिल्लांचे बहुतेक मृत्यू पहिल्या तीन दिवसांत होतात. उपाय साधा आहे. एका कोपऱ्यात आडवी फळी लावून फक्त पिल्लांना आत शिरता येईल अशी जागा करा, आत पेंढा आणि बल्ब. भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतर सोडून पाइप बसवा, म्हणजे आई भिंतीला टेकून घसरली तरी मध्ये पिल्लाला फट राहते. व्यालेल्या डुकरिणीशेजारी पहिले दोन दिवस गर्दी करायची नाही, पाहुण्यांना फोटोही काढायचे नाहीत. पहिलटकरीण घाबरली तर पिल्लांना चावू शकते.

दूध पाजणं एकदा शेजारी बसून पाहाच. साधारण तासाला एकदा ती कुशीवर होते आणि लयीत हुंकारायला लागते. पिल्लं धावत येऊन आपापलं आचळ धरतात आणि नाकाने कास मळतात. हुंकार हळूहळू जवळजवळ येत जातात, मग एकदम झपाट्याने, आणि त्या क्षणी सगळी पिल्लं स्तब्ध होऊन, कान मागे टाकून ओढतात. दूध उतरतं ते वीसेक सेकंद. त्यानंतर कितीही चोखलं तरी पुढच्या पाळीपर्यंत काही नाही. जे पिल्लू त्या वेळी झोपलेलं होतं ते उपाशी राहिलं. आणि आचळं वाटून घेतलेली असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत भांडून ज्याने जे धरलं ते दूध तुटेपर्यंत त्याचं. पुढच्या आचळांना दूध जास्त, तिथे दांडगी पिल्लं. म्हणून एका डुकरिणीची जास्तीची पिल्लं दुसरीखाली घालायची तर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत घाला. उशीर झाला की रिकामं आचळ आटलेलं असतं आणि बाकीची नव्याला हुसकावतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला लोहाचं इंजेक्शन विसरू नका. मातीत न फिरणाऱ्या पिल्लाला ते दुसरीकडून मिळत नाही.

कळपातल्या भांडणांचं कौतुक करायला नको. अनोळखी डुकरं एकत्र आली की एक-दोन दिवस मारामारी होते, खांदे ओरबाडले जातात, क्रम ठरतो, मग शांत. एकट्या नव्या डुकराला जुन्या कळपात कधीच सोडू नका. सारख्या वजनाची सगळी एकदम, संध्याकाळी, पोटभर खाऊ घालून, सगळ्यांना नव्या असलेल्या जागेत सोडा. हाकताना काठी नको, रुंद फळी धरून मागून चला. उजेडातून अंधारात, सावलीच्या रेघेवरून किंवा गटाराच्या जाळीवरून डुक्कर पाय टाकत नाही. त्याला मारलंत तर ते उलट फिरून तुमच्याच पायांतून निघून जाईल.

हॉटेलच्या उरलेल्या अन्नाचा मोह तुम्हाला होणार, बोरिवलीहून जेट्टीवर डबे आणता येतात. स्वस्त पडतं, पण अर्धा तास खदखदून उकळल्याशिवाय द्यायचं नाही, आणि ज्यात डुकराचं मांस शिजतं त्या ठिकाणचं घ्यायचंच नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात २०२०मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांमध्ये शिरला तर गोठा रिकामा करतो, औषध नाही, आणि तो मांसाच्या तुकड्यातून प्रवास करतो. दुसरा धोका मिठाचा. फरसाण, लोणचं, पापड असलेलं खरकटं आणि त्यात पाणी तुटलं, की डुकरं भिंतीला डोकं लावून उभी राहतात, मागे मागे सरकत बसतात आणि झटके देतात. नळ सदैव चालू हवा. पिल्लं पाजणारी डुकरीण दिवसाला वीस-तीस लिटर सहज पिते. पाणी तुटून असं झालंच तर एकदम भरपूर पाजू नका, थोडं थोडं द्या आणि डॉक्टरांना बोलवा.

आजार ओळखायला थर्मामीटरआधी सकाळची बादली. जे उठून आलं नाही, किंवा कळप चिकटून झोपलेला असताना वेगळं पडलंय, त्याच्याकडे आधी जा. डुकराचं साधं तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं, ४०च्या वर गेलं तर थांबू नका.

मुंबई महापालिकेच्या हद्दीत आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय डुकरं ठेवता येत नाहीत आणि गोराई त्या हद्दीतच येते, तेव्हा मामांना आधी वॉर्ड ऑफिसात पाठवा, शेजाऱ्यांशीही बोलून घ्या. सुरुवात नोव्हेंबरात करा. नाताळच्या सोरपोतेलचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या कालवणाचा, हिशेब धराल तर दोन महिन्यांची पिल्लं जूनमध्ये आणावी लागतील, कारण विक्रीच्या वजनाला यायला पुढे सहा-एक महिने जातात. म्हणजे नवा गोठा, नवी माणसं आणि पहिलाच पाऊस एकाच वेळी. पहिल्या वर्षी नाताळ सोडून द्या. पिल्लं घ्यायला जाल तेव्हा खायच्या वेळेला जाऊ नका, त्या वेळी सगळीच तरतरीत दिसतात. संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, गजापाशी तासभर गप्प उभे राहा, कोणाच्या शेपट्या वर आहेत, झोपायची जागा कोरडी आहे का आणि कोण कोणाला चघळतंय ते पाहा, मग भाव विचारा.